उजव्या वळणावर

तिसऱ्या फेरीत खोकते.
पहिल्या दोन फेऱ्या शहाण्यासारखी धावते,
डावीकडे वळताना तर अवाक्षर नाही;
उजवीकडे घेतली, समुद्र खिडकीत आला
की खर्र, खट्, एक ठोका गाळते
आणि सरळ रस्त्यावर पुन्हा साळसूद.

ग्वेनलियनने प्लग बदलले.
कॉइल बदलली. डिस्ट्रिब्यूटरची टोपी
झोपलेल्या मुलाची कानटोपी काढावी
तशी काढून आतले काळे दात खरवडले.
दोन्ही कार्बोरेटर आठवडाभर स्वयंपाकघरात,
टेबलावर, वर्तमानपत्रावर. जेवण उभ्याने.
पेट्रोलची नळी, पंप, टाकीच्या बुडातला गाळ:
एकावन्न वर्षांचा, चमचाभर, चहाच्या रंगाचा.
गाडी सगळ्याला हो म्हणाली
आणि शनिवारी, तिसऱ्या फेरीत, उजवीकडे
खर्र, खट्.

"इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाक," मायरिग म्हणाला.
त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एक पार्सल असतं.
त्याचं ऐकून तिने बरंच केलंही.
कडक स्प्रिंगा, ब्रेकच्या जाळीदार नळ्या,
तेलाच्या तळात पत्र्याचे आडवे पडदे,
वळणावर तेल एका कुशीला झोपू नये म्हणून.
मागची सीट काढली. रेडिओ काढला.
गालिचा उचलला तेव्हा खाली वाळू,
घोड्याच्या नालेचा एक खिळा,
आणि आयर्लंडच्या बोटीचं तिकीट,
परतीचा अर्धा भाग न वापरलेला.
एकूण सत्तेचाळीस किलो उतरले.
तिकीट तिने वजनात धरलं नाही,
होतं तिथे परत ठेवलं.

खिळा पेन्रीचा.
पेन्री गुरांचा डॉक्टर, गाडीचा पहिला धनी.
डोळे विझत गेले
तसं आधी रात्रीचं चालवणं सोडलं,
मग पावसातलं (आणि आंग्लसीत पाऊस नाही असा दिवस कुठला),
मग विकली.
तिने त्याला कुंपणापाशी उभं केलं,
कॉलर वर, तोंड वाऱ्याकडे, कान ट्रॅककडे.
चार फेऱ्या मारून आली.

काय काय बदललंस, हे त्याने विचारलंच नाही.
म्हणाला, "घोडी लंगडते
तेव्हा कुठला पाय दुखतो असं विचारायचं नसतं.
कधी टेकवत नाही, ते बघायचं.
ही कलली की काहीतरी सोडते.
जिथे इंजिन डोलतं आणि गाडी डोलत नाही
तिथे हात घाल."

तिने हात घातला, खांद्यापर्यंत.
इंजिनापासून सांगाड्यापर्यंत एक पट्टी,
तांब्याच्या तारांची वेणी, करंगळीएवढी,
खाऱ्या हवेने हिरवी पडलेली;
तुटून तुटून तीन तारा उरलेल्या.
तापलं, कललं, की त्याही हात सोडत.

एवढंच. अर्थ तुटला होता.
बाकी सगळं नवं, चकचकीत, पावतीसकट,
आणि अर्थ तुटलेला.

मायरिग खिशात हात घालून
बराच वेळ समुद्र बघत राहिला.
पट्टी चार पौंडांची.

दुपारी तिने पेन्रीला शेजारी बसवलं,
मोठं हेल्मेट, त्यात लहान होत गेलेला चेहरा.
"घड्याळ चालतं का गं?"
"नाही."
"माझ्याकडेही चाललं नाही. राहू दे तसंच."

पहिली फेरी. दुसरी.
तिसरीत, उजवीकडे,
तो आतल्या बाजूला झुकला, खोगिरावर झुकावं तसा,
आणि तिने श्वास धरला
आणि गाडीने नाही धरला:
सहाही सिलिंडर, एका दमात, वळण संपेपर्यंत.

सरळ रस्त्यावर आल्यावर
ती काही बोलेल म्हणून तो थांबला असावा.
मग हेल्मेटमधून ओरडला,
"मागचं डावं बेअरिंग!
अजून तुला ऐकू यायचं नाही.
पुढच्या महिन्यात येईल."